जोत्याची उंची

गोव्याच्या किनाऱ्यावरील एका महागड्या हॉटेलात चाकाच्या खुर्चीतील पाहुण्याला चार कामगार पायऱ्यांवरून उचलून नेताना आम्ही पाहिले. व्यवस्थापनाच्या लेखी हे आतिथ्य! वस्तुतः साठ सेंटिमीटर उंचीच्या जोत्यास एकास बारा या प्रमाणाने अवघा ७.२ मीटर लांबीचा उतार पुरतो. मालकाने वाचविलेला तो खर्च कामगाराची पाठ आणि पाहुण्याचा स्वाभिमान सोसतात. सुगम्यतेचे नियम डावलणाऱ्या आराखड्यास परवानगी देण्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मनाई केली. नियम मात्र शिफारशीवजाच ठेवले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट कायद्याशी विसंगत ठरविली. किनारपट्टीवरील कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत प्रत्येक नव्या हॉटेलाचा आराखडा मागावा व उतार कोठे आहे, हे विचारावे.