क्लिप की कॉइल : निर्णय कशावरून?

मेंदूच्या तळाशी जेथे धमन्यांना फाटे फुटतात, तेथे भिंत दुबळी होऊन कधी कधी लहानसा फुगा तयार होतो. तो फुटला की आयुष्यात कधी दुखले नसेल इतके डोके एका क्षणात दुखू लागते. हा फुगा कवटी उघडून बंद करावा की जांघेतून नळी नेऊन, याचे उत्तर आपल्याकडे पुष्कळदा रुग्ण कोणत्या रुग्णालयाच्या दारात उतरला यावरून ठरते. हे मला अयोग्य वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

१९३७ साली वॉल्टर डँडी यांनी बाल्टिमोर येथे अशा फुग्याच्या मानेवर चांदीची क्लिप बसवली. १९९० च्या सुमारास लॉस एंजेलिस येथे ग्विडो गुग्लिएल्मी यांनी प्लॅटिनमची मऊ तार कॅथेटरमधून सोडून फुगा आतूनच भरून काढला. ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या ‘आयसॅट’ या २१४३ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली आले. वर्षअखेर मृत वा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण क्लिपच्या गटात सुमारे ३१ टक्के, तर कॉइलच्या गटात सुमारे २४ टक्के होते. तेव्हापासून कॉइलचा जयजयकार सुरू झाला. मात्र दोन्ही उपचार सारखेच लागू पडतील असे वाटलेले रुग्णच या चाचणीत घेतले होते, हे सोयीस्करपणे विसरले जाते. मध्य मेंदूधमनीवर रुंद मानेचा फुगा आहे, शेजारी रक्ताची मोठी गुठळी साचली आहे, अशा रुग्णाला आजही बहुधा शस्त्रक्रियेचाच आधार असतो. उलट बॅसिलर धमनीच्या टोकावरील फुग्यापर्यंत सुरीने पोहोचण्यापेक्षा कॉइल श्रेयस्कर. कॉइलने भरलेला फुगा काही रुग्णांत पुन्हा उघडतो, त्यामुळे पुढे तपासण्यांसाठी यावे लागते. शिवाय फुगा मोठा तितक्या तारा अधिक, आणि तितका खर्चही. खेड्यातून आलेल्या कुटुंबाला हे आधी सांगायला नको काय?

ज्याच्या हाती केवळ क्लिप आहे त्याला क्लिप दिसते, ज्याच्या हाती कॅथेटर आहे त्याला कॉइल. यात कोणाच्या सचोटीविषयी शंका नाही. मनुष्यस्वभावच तसा आहे. म्हणूनच चित्रे दोघांनी एकत्र पाहिली पाहिजेत. ‘लहान शहरात दोघे तज्ज्ञ कोठून आणावेत?’ हा आक्षेप रास्त आहे; परंतु अँजिओग्रामची चित्रे आता मोबाइलवरून काही मिनिटांत पाठवता येतात. रुग्णाला मात्र मत घेत गावोगाव फिरवू नये, कारण पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो.

रुग्णाच्या वतीने हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रथम कुटुंबवैद्याचा आहे. ‘चित्रे दोघांनी पाहिली काय?’ एवढेच विचारायचे असते. पण व्यवसायबंधू दुखावेल म्हणून आपण गप्प बसतो. आपल्या संस्थेने शहरातील कोणत्या रुग्णालयात दोन्ही उपचार चोवीस तास उपलब्ध आहेत याची यादी करावी, आणि ती दूरध्वनी क्रमांकांसह प्रत्येक सभासदाच्या टेबलावर पोहोचवावी, अशी माझी सूचना आहे.