मदतीची वही कुलपात ठेवा



अमरावती-अकोल्यात एखाद्या शेतकऱ्याने जीव दिला की त्या घरी मदत करणाऱ्यांची रीघ लागते. त्यात आपले कार्यकर्तेही असतात. हातात वही असते. वावर किती, बँकेचे कर्ज किती, सावकाराचे किती, आधार क्रमांक, खाते क्रमांक, मुलगी कितवीत, सगळे उतरवून घेतात. हेतू चांगलाच असतो. पण त्या वहीचे पुढे काय होते, हे कोणी विचारत नाही. आज तेच विचारायचे आहे.

सरकारला कागद लागतात, हे खरे. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने अशा कुटुंबाला १ लाख रुपये ठरले. ३० हजार रोख, ७० हजार ठेवीत. त्यासाठी नापिकी, थकीत कर्ज आणि वसुलीचा तगादा दाखवावा लागतो, मग प्रकरण पात्र की अपात्र ते ठरते. ते कागद त्या फाइलसाठी आहेत. पोरांना पुस्तके द्यायला शवविच्छेदनाचा अहवाल कशाला हवा? बियाण्यासाठी वावर किती ते पुरे, फीसाठी इयत्ता पुरे. मदतीला लागते तेवढेच विचारावे.

कोणी म्हणेल, कर्ज हे पाप नाही, सरकारी धोरणाचे फळ आहे, असे आपणच सभेत सांगतो. मग लपवायचे काय? कर्ज पाप नाहीच. पण ते कोणाला सांगायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. बँकेचा बोजा सातबाऱ्यावर चढलेलाच असतो. सावकाराची उसनवारी, गहाण पडलेली पोत, घरातले आजारपण कुठल्याच उताऱ्यावर नसते. ते त्या बाईने विश्वासाने आपल्याला सांगितलेले असते.

हा विश्वास मोडला तर नुकसान तिचेच. कर्जाच्या बदल्यात शेताची खरेदी लिहून घेणारे सावकार आपल्याला ठाऊक आहेत. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते, जमीन परत मिळू शकते. पण तक्रारीआधीच तिचे नाव पारावर गेले, तर सावकार सावध होतो, दबाव आणतो, वावर तिसऱ्याच्या नावे करून मोकळा होतो. पैसे मिळाल्याची बातमी फोटोसकट फिरली की दीर, भासरे, घेणेकरी दारात उभे. मुलीच्या सोयरिकीतही तीच बातमी आडवी येते. फोटो काढणारा निघून जातो; गावात राहायचे तिला असते.

मग यादीशिवाय सरकारशी भांडायचे कसे? आकड्यांनी. तालुक्यात किती घरे, किती एकर कोरडवाहू, किती प्रकरणे अपात्र आणि का, हे चौकात मांडा. त्याला एकाही बाईचे नाव लागत नाही. गावात असे एकच घर असेल तर गावाचेही नाव देऊ नका. ते घर दाखवल्यासारखेच होते. ती स्वतः मंचावर बोलायला उभी राहिली, तर तो तिचा अधिकार.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. तो कायदा कागदी वहीसाठी नाही, मोबाइल-कॉम्प्युटरमध्ये शिरलेल्या माहितीसाठी आहे. पण वही नीट ठेवायला आपल्याला कायदा कशाला हवा?

या बैठकीत एवढे ठरवू. माहिती घेण्याआधी ती कशासाठी आणि कोण पाहणार, हे सांगायचे. एखादी गोष्ट सांगायला ती नाही म्हणाली तरी मदत थांबवायची नाही. तालुक्याची वही एकाच्याच ताब्यात, कुलपात. तिचे पान मोबाइलच्या ग्रुपवर टाकायचे नाही. आधारच्या प्रतीवर शेवटचे ४ आकडेच दिसू द्यायचे. विचारल्याशिवाय फोटो नाही. पोरांचा तर नाहीच. काम संपले की मूळ कागद परत, झेरॉक्स जाळून टाकायच्या.

हिशोब मात्र उघडा ठेवायचा: पैसा किती आला, किती घरांना गेला. आणि वही कोणाच्या ताब्यात आहे, हे प्रत्येक तालुक्याने पुढच्या बैठकीत उभे राहून सांगावे.