पाठदुखी आणि 'गॅप'ची धास्ती

पाठ दुखते म्हणजे मणक्यात गॅप आली. पट्टा बांधा, पडून राहा, एमआरआय काढा. असं छातीठोकपणे सांगत फिरणारे एक गृहस्थ आहेत आणि लोक त्यांचं ऐकतात, याचा मला मनस्वी संताप येतो.

दोन मणक्यांमध्ये चकती असतेच. वयाबरोबर तिच्यातलं पाणी कमी होतं, ती चपटी होते. म्हणजे अंतर घटतं, नवी फट पडत नाही. असे बदल जराही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही सर्रास दिसतात. त्यातून पाठीचा वरचा भाग निराळा. तिथल्या १२ मणक्यांना बरगड्या जोडलेल्या, त्यामुळे तो कंबरेइतका वाकत नाही आणि तिथली चकती सरकून त्रास होणं विरळाच. दुखतात ते बहुधा फऱ्यांमधले स्नायू, बरगड्यांचे सांधे. कधी कळ मानेतून उतरलेली असते. शिलाई मशीनवर दिवसभर वाकणाऱ्या बाईला हे सांगायचं सोडून मणका झिजल्याची धास्ती कशाला घालता? ती मग हातही वर करत नाही, स्नायू आणखी आखडतात, दुखणं वाढतं, आणि हेच गृहस्थ म्हणतात, बघा, मी सांगितलं होतं!

कंबरेचा पट्टा फऱ्यांपर्यंत पोचतच नाही.

पडून राहण्याचा वाद तर जुना. १९८६ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत कंबरदुखीच्या काही रुग्णांना दोन दिवस, काहींना सात दिवस विश्रांती सांगितली. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले. तो अभ्यास कंबरेचा, हे मान्य. पण पाठीला अंथरूण मानवतं याचा पुरावा कुठे आहे? उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायला लावणाऱ्या आजीला हे लोक हसतात. आजी निदान त्यानंतर कामाला लाग म्हणायची.

उपाय साधे आहेत. बैठक मोडून अधूनमधून उठावं, शेक घ्यावा, डॉक्टरांना विचारून थोडे दिवस वेदनाशामक घ्यावं, फिजिओथेरपिस्टकडून फऱ्यांचे व्यायाम शिकून ते नेमाने करावेत. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो.

तपासणीला माझा विरोध नाही. ताप, घटणारं वजन, रात्री झोपू न देणारी कळ असेल तर मणक्याचा क्षय आहे का, हे पाहावंच लागतं. पायांतली शक्ती गेली, लघवी अडली, तर एक दिवसही थांबू नये. वृद्ध बाईला किरकोळ धक्क्याने कळ आली तर ठिसूळ मणका दबलेला असू शकतो. पाठीबरोबर छाती दाटून घाम फुटला तर तडक इस्पितळ गाठावं. पण सगळ्यांच्या पाठीवर गॅपचा एकच शिक्का मारल्यामुळे ही माणसंही पट्टा बांधून घरी पडून राहतात.