वाडा कुणाचा?

परवा भाच्याला घेऊन तुळशीबागेत गेले होते. खरेदी झाली, ऊन रणरणत होतं, म्हणून जरा विश्रामबागवाड्याच्या सावलीला थांबलो. वरचा कोरीव लाकडी सज्जा बघून तो म्हणाला, "मावशी, हा वाडा कुणाचा गं?" मी सवयीने सांगून टाकलं, "दुसऱ्या बाजीरावाचा." घरी येईपर्यंत ते उत्तर मलाच खुपत राहिलं.

हिशोब मांडून बघा. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजीरावाने हा वाडा बांधून घेतला. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई हरल्यावर त्याने पुणं सोडलं. पुढे वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेत बिठूरला राहिला आणि १८५१ मध्ये तिथेच वारला. म्हणजे या वाड्यातला त्याचा मुक्काम दहाएक वर्षांचा. वाड्याचं वय मात्र दोनशेच्या वर!

मग बाकीची वर्षं कुणाच्या खात्यात?

१८२१ मध्ये कंपनी सरकारने इथे संस्कृत पाठशाळा काढली. पेशवे दक्षिणेवर जो पैसा खर्च करत, त्यातलाच काही तिकडे वळवला. डेक्कन कॉलेज आपला जन्म याच पाठशाळेपासून मोजतं. मे १८७९ मध्ये बुधवारवाडा आणि विश्रामबाग, दोन्ही वाड्यांना आगी लागल्या. बुधवारवाडा गेला तो गेलाच. विश्रामबाग उरला, कारण जळालेला भाग पुन्हा बांधायला लोकांनी वर्गणी दिली. पुढे नगरपालिकेची कचेरी इथे आली. किती जणांनी इथे अर्ज दिले असतील, रांगेत ताटकळले असतील, कारकुनांशी हुज्जत घातली असेल!

आणि आपण म्हणायचं काय, तर बाजीरावाचा वाडा.

तुम्ही म्हणाल, बांधला त्याने, मग नाव त्याचंच असणार. अहो, बांधला तरी कुठे त्याने? बांधला सुतारांनी आणि गवंड्यांनी. त्याने पैसे दिले, तेही रयतेकडून गोळा केलेले. एवढ्यावर जर वाडा त्याचा होत असेल, तर वर्गणी देणाऱ्यांचा त्याच्यापेक्षा जास्त होतो. त्यांनी निदान स्वतःच्या खिशात हात घातला होता.

"वाडा मूळ रूपात आणा" असं कुणी म्हणालं की म्हणूनच माझं डोकं फिरतं. कुठलं मूळ? आगीनंतर उभा राहिलेला भाग काय उपरा आहे? बरं, मधला काळ सगळा गोडगोड होता असंही माझं म्हणणं नाही. ती पाठशाळा सुरुवातीला फक्त ब्राह्मण मुलांसाठी होती. तेही सांगा की! इतिहास सांगायचा तर दारं कुणाला बंद होती तेही त्यात आलंच पाहिजे.

आता घरच्या मंडळींसाठी. हो, तुमच्याचसाठी :-) आपला वाडा बिल्डरकडे जायच्या आधी त्याची माहिती लिहून काढायचं चाललंय, फार छान. पण मला आलेल्या यादीत पणजोबा, आजोबा आणि दोन काका आहेत, बास. वयाच्या विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली आणि पुढची साठ वर्षं त्या माजघराबाहेर न पडलेली आत्याआजी कुठे आहे? मागच्या खोल्यांमधली बिऱ्हाडं कुठे आहेत? भाडं थकलं की भांडणारी आणि आजी पडली तेव्हा तिला पाठंगुळीला घेऊन दवाखान्यात नेणारीही तीच माणसं होती ना?

मालकांची नावं सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आहेतच. ती कुठे जात नाहीत. बाकीच्यांची फक्त आपल्या तोंडी आहेत, आणि आपणही आता साठीच्या पुढे आलो.

यादी मी परत पाठवतेय. खाली जागा सोडली आहे. ज्याला जे नाव आठवेल ते त्याने लिहावं.