बाण काढला म्हणून सदिश?

विद्युतधारा सदिश की अदिश? अकरावीच्या वर्गात हा प्रश्न टाकला की कुणीतरी हमखास 'सदिश' म्हणतं, आणि त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. परिमाण आणि दिशा दोन्ही असली की सदिश, नुसतं परिमाण असलं की अदिश, हे त्याने शाळेतच घोटलेलं असतं. परिपथाच्या आकृतीत धारेला बाणही असतो. त्याने व्याख्या बरोबरच लावली. त्याला शिकवली होती अर्धीच.

उरलेली अर्धी बेरजेत आहे. खोक्याला 3 आणि 4 न्यूटनची दोन बलं लावा. एकाच दिशेने लावली तर मिळून 7, समोरासमोर लावली तर 1, काटकोनात लावली तर 5. समांतरभुज चौकोनाचा नियम सांगतो तो हाच. आता दोन तारांतून 3 आणि 4 अँपिअरच्या धारा एका जोडाशी येऊ द्या. पुढच्या तारेत 7 अँपिअरच जाणार. तारा काटकोनात येवोत, तिरक्या येवोत, नाहीतर भेंडोळं होऊन. किरचॉफच्या नियमाला कोनाशी देणंघेणं नाही. धारा तारेत कुठल्या बाजूने वाहते, एवढंच तो बाण सांगतो. म्हणून धारा अदिश.

याहून खट्याळ उदाहरण वळणाचं. पुस्तक टेबलावर वाचता येईल असं ठेवा, मुखपृष्ठ वर. तुमच्यापासून दूरची कड उचलून ते उभं करा आणि मग उभ्यानेच घड्याळाच्या काट्यांप्रमाणे काटकोनात फिरवा. मुखपृष्ठ डावीकडे तोंड करून बसेल. पुस्तक पुन्हा मूळ जागी ठेवा. या वेळी आधी फिरवा, मग दूरची कड उचला. मुखपृष्ठ तुमच्यासमोर, पण अक्षरं आडवी! दोन्ही वळणांना 90 अंशांचं परिमाण आहे, आसाची दिशा आहे. तरी क्रम बदलताच निकाल बदलला. सदिशांच्या बेरजेत असं चालत नाही, तेव्हा ही वळणं त्या पंगतीतून उठली. (अगदी सूक्ष्म वळणं मात्र बसतात, म्हणून कोनीय वेग सदिश.)

सदिशांचं हे गणित ज्यांच्यामुळे मार्गी लागलं त्या डब्लिनच्या विल्यम रोवन हॅमिल्टन यांनाही 1843 पर्यंत छळत होती ती क्रियाच: तीन-तीन आकड्यांच्या संचांची बेरीज जमे, गुणाकार काही केल्या जमेना.

परीक्षेवर तोंडसुख घेणं या सदराला नवं नाही. 'सदिश व अदिश राशींतील फरक लिहा' म्हटलं की दोन रकान्यांचं कोष्टक येतं, मार्क मिळतात, बेरीज बाहेरच राहते. मग घर्षणाचं कार्य उणे आलं की मुलं त्या उणे चिन्हालाच दिशा समजतात. त्यापेक्षा सरळ विचारा: धारेला बाण असूनही ती अदिश का, आकृती काढून दाखवा. तपासणाऱ्याला जरा वेळ लागेल, कारण नमुना उत्तरातलं वाक्य जुळवून इथे भागणार नाही.