वीज गेली तरी श्वास अखंड राहावा

पावसाळ्यात वीज जाणे आपल्याला नवे नाही. मात्र ज्या घरातील वृद्ध व्यक्ती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर अवलंबून आहे, तेथे तीच घटना आणीबाणी ठरते. अशा घरात पर्यायी विजेचा विचार रुग्णाच्या उपकरणापासून सुरू व्हावा, दिवे-पंखे त्यानंतर.

प्रथम उपकरणावरील पट्टीवर लिहिलेले वॅट पाहावेत. पाच लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरला साधारणतः ३०० ते ४०० वॅट लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत कागदोपत्री १८०० वॅट-तास वीज असते. इन्व्हर्टरमधील घट वजा जाता नव्या बॅटरीवर कॉन्सन्ट्रेटर सुमारे तीन तास चालेल, असे धरावे. जुन्या बॅटरीवर त्याहून कमी. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह प्रकारचा घ्यावा व त्यावर फ्रिजचा भार टाकू नये. दार बंद ठेवल्यास फ्रिज सुमारे चार तास थंड राहतो. तेवढा वेळ इन्सुलिन सुरक्षित राहते.

तीन तासांनंतर काय? त्यासाठी भरलेला ऑक्सिजन सिलिंडर घरात हवाच. ‘बी’ प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला २ लिटर या गतीने तो बारा तास पुरतो. रेग्युलेटर जोडण्याचा सराव घरातील किमान दोघांना असावा.

वीज दीर्घकाळ जाणाऱ्या गावी जनरेटर उपयुक्त आहे. परंतु तो उघड्या अंगणातच, दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट दूर चालवावा. गॅलरी, जिना, पडवी किंवा बंद गॅरेज ही त्याची जागा नव्हे. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही लक्षणे ज्येष्ठांमध्ये थकवा समजून दुर्लक्षिली जातात. त्याहून गंभीर बाब अशी, की बोटाला लावायचा ऑक्सिमीटर येथे फसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटलेला हा वायू त्याला प्राणवायूच वाटतो आणि आकडा ९८ दिसत असतानाही रुग्ण गुदमरत असू शकतो. म्हणून शंका येताच आकड्याची वाट न पाहता सर्वांनी मोकळ्या हवेत यावे, मग रुग्णालय गाठावे.

जोडणी परवानाधारक वायरमनकडून, चेंजओव्हर स्विच बसवूनच करून घ्यावी. जनरेटरची वीज उलट तारांत गेल्यास खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सोसायटीच्या जनरेटरवर विसंबण्यापूर्वी चौकशी करावी. तो बहुधा लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांपुरताच असतो.

वाचकहो, येत्या रविवारी दिवसाढवळ्या, डॉक्टरांना विचारून, एक प्रयोग करावा. रुग्णाला सिलिंडर लावून, कॉन्सन्ट्रेटर इन्व्हर्टरवर रिकामा चालवून पाहावा व तो किती वेळ चालला, हे लिहून भिंतीवर लावावे. वीज अवेळी गेली, तर तोच आकडा आपला आधार असेल.