वाण्याच्या हातातली ट्रॉली

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उपनगरातल्या एखाद्या मोठ्या मार्टबाहेर सकाळी शटर वर जाण्याच्या वेळी उभे राहून पाहावे. रांगेत गृहिणी असतात, निवृत्त जोडपी असतात आणि चार-पाच माणसे अशी असतात की ज्यांच्या हातात यादी नसते, कारण भाव त्यांना तोंडपाठ असतात. दार उघडले की ती थेट तेलाच्या आणि कपड्यांच्या साबणाच्या फळ्यांकडे जातात. एका बिलावर अमुक इतकीच पाकिटे, अशी पाटी तिथे टांगलेली असते. म्हणून सोबत मुलगा आलेला असतो, पुतण्या असतो, दुकानातला पोऱ्या असतो आणि प्रत्येकाचे बिल वेगळे फाडले जाते. तासाभरात तोच माल जवळच्या गल्लीतल्या किराणा दुकानात मांडलेला दिसतो. कंपनीचा वितरक ज्या भावाने माल टाकतो, त्याहून मार्टमधला किरकोळ भाव कमी पडतो. म्हणून गल्लीतला वाणी आपल्याच स्पर्धकाच्या दारात ट्रॉली घेऊन उभा राहतो.

मोठ्या साखळी दुकानांना वस्तीतल्या दुकानदारांचा विरोध का, याचे उत्तर या ट्रॉलीत आहे. हा विरोध म्हणजे नव्याची भीती आहे, ग्राहकाला स्वस्त मिळते ते व्यापाऱ्याला बघवत नाही, असे सर्रास बोलले जाते. ते अन्यायाचे आहे. तेलाचे तेच पाकीट, त्याच कारखान्यातून निघालेले, एकाला एका भावाने आणि दुसऱ्याला दुसऱ्या भावाने मिळत असेल, तर दुकान चालवण्यातल्या कौशल्याची स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो.

आपल्याकडे या विरोधाला जवळपास वीस वर्षांचा इतिहास आहे. २००६ च्या अखेरीस हैदराबादेत रिलायन्स फ्रेशची पहिली दुकाने उघडली आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात रांचीत भाजीविक्रेत्यांनी या दुकानांवर हल्ला केला. ऑगस्टमध्ये उत्तर प्रदेशात मायावती सरकारने ती बंद ठेवण्याचा आदेश काढला. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्राने बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकी गुंतवणुकीला मुभा दिली, तेव्हा २० सप्टेंबरला देशभर बंद झाला, तृणमूल काँग्रेस सरकारमधून बाहेर पडली. अंतिम निर्णय राज्यांवर सोडला होता आणि महाराष्ट्राने होकार दिला होता. पुढे २०१८ मध्ये वॉलमार्टने १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ताबा घेतला, तेव्हा २८ सप्टेंबरला व्यापाऱ्यांनी पुन्हा बंद पुकारला.

या साऱ्या आंदोलनांत एक चूक झाली आणि ती राजकीय पक्षांनी जाणूनबुजून वाढवली. प्रश्न परकी विरुद्ध स्वदेशी असा मांडला गेला. परकी कंपनीला दार बंद झाले की वाणी वाचला, असे समजून मोर्चे विसर्जित झाले. प्रत्यक्षात वस्तीवस्तीत पसरल्या त्या देशी साखळ्या. डी-मार्टचे पहिले दुकान २००२ मध्ये पवईत उघडले. मार्च २०२५ अखेर त्यांची संख्या ४१५ झाली होती. त्यात कायद्याबाहेरचे काही नाही. बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते, मोजका पण भरपूर खपणारा माल आणि कमी नफा, हे त्या यशाचे सूत्र आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. मध्यमवर्गीय घराचा महिन्याचा खर्च त्यामुळे हलका झाला, हेही खरे. पण कंपनीचा मालक कुठल्या देशाचा, यावर गल्लीतल्या दुकानाचे भवितव्य ठरत नाही. ते ठरते खरेदीच्या भावावर आणि जागेच्या नियमांवर. या दोन्ही बाबतींत आपले कायदे मुके आहेत.

आधी भावाचे पाहू. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही उत्पादनांचा पुरवठा थांबवला. कंपन्या जिओमार्ट, मेट्रो, उडान यांसारख्या मोठ्या खरेदीदारांना कमी भावाने माल देतात, तोच भाव पारंपरिक वितरकाला आणि त्याच्यामार्फत किराणा दुकानदाराला मिळावा, एवढीच त्यांची मागणी होती. जवळपास दोन दशकांच्या आंदोलनातली ही सर्वांत नेमकी मागणी. कोणाचे दुकान बंद करा, असे तिच्यात कुठेही नव्हते. तरीही वृत्तपत्रांच्या व्यापार-पानांपलीकडे ती फारशी गेली नाही. विधिमंडळात तिच्यावर जेवढी चर्चा व्हायला हवी होती, तेवढी झाली नाही.

आपल्या स्पर्धा कायद्यात, म्हणजे २००२ च्या अधिनियमाच्या कलम ४ मध्ये, भेदभावाचा भाव आणि स्पर्धकाला संपवण्यासाठी लावलेला तोट्याचा भाव या दोन्हींना मनाई आहे. मेख अशी की, ही मनाई बाजारात वर्चस्व असलेल्या कंपनीलाच लागू होते. देशभराच्या किराणा व्यापारात कुठल्याही एका साखळीचा वाटा लहानच निघतो. एखाद्या उपनगरात मात्र तिच्या एका दुकानाने आसपासची अनेक दुकाने आडवी होऊ शकतात. कायदा देशाच्या नकाशाकडे बघतो आणि गिऱ्हाईक मात्र पायी जाण्याच्या अंतरात खरेदी करते. या दोहोंच्या मधल्या फटीत छोटा दुकानदार सापडला आहे.

अन्य देशांनी ही फट बुजवण्याचे प्रयत्न केले, तेही कट्टर बाजारवादी म्हणवणाऱ्या देशांनी. अमेरिकेत ए अँड पी या महाकाय साखळीच्या धास्तीतून १९३६ मध्ये रॉबिन्सन-पॅटमन कायदा झाला. एकाच मालासाठी स्पर्धक दुकानदारांना वेगवेगळे भाव लावून स्पर्धेला धक्का देण्यास त्याने बंदी घातली. पुढे अनेक दशके तो जवळपास कपाटातच राहिला, पण रद्द झाला नाही. फ्रान्समध्ये खरेदी किमतीच्या खाली माल विकण्यास १९६३ पासून बंदी आहे. जर्मनीत २००० साली स्पर्धा नियामकाने वॉलमार्ट, आल्डी आणि लिडल या तिघांनाही दुधासारख्या नित्याच्या वस्तू तोट्यात विकण्याचे थांबवण्याचा आदेश दिला होता. सहा वर्षांनी वॉलमार्टने जर्मनीतून गाशा गुंडाळला. त्याची कारणे अनेक होती; पण दर पाडून बाजार काबीज करण्याची वाट तिथे मोकळी नव्हती, हे त्यातले एक.

जागेचा प्रश्न याहून कमी चर्चेचा आणि म्हणूनच अधिक गंभीर. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात स्टोक्स क्रॉफ्ट नावाचा भाग आहे. चित्रांनी रंगलेल्या भिंती आणि छोटी स्वतंत्र दुकाने ही त्याची ओळख. तिथल्या एका इमारतीत दुकान चालवण्याची परवानगी पालिकेने दिली, तेव्हा येणारे दुकान टेस्कोचे आहे, याचा रहिवाशांना पत्ता नव्हता. कळले तेव्हा मोहीम उभी राहिली, पत्रे गेली, सभा झाल्या. परंतु नियमांच्या लेखी दुकान म्हणजे दुकान. ते कोपऱ्यावरच्या कुटुंबाचे की हजारो शाखांच्या साखळीचे, याचा विचार करण्याचा अधिकारच पालिकेकडे नव्हता. समितीपुढे उरले ते दर्शनी भागासारखे किरकोळ मुद्दे. एप्रिल २०११ मध्ये दुकान उघडले आणि २१ एप्रिलच्या रात्री तिथे दंगल उसळली, दुकानाची नासधूस झाली. दगडफेकीचे समर्थन होऊ शकत नाही. पण लोकांनी वर्षभर रीतसर मांडलेले म्हणणे ऐकायला एकही अधिकृत दार उघडे नव्हते, ही गोष्ट कोणत्याही नगररचनाकाराने गंभीरपणे घ्यावी अशी आहे.

आपल्याकडे वेगळे काय आहे? डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली आली. एखादे मोठे मार्ट यायचे तर चटई क्षेत्र तपासले जाते, पार्किंग मोजले जाते, अग्निशमनाचा दाखला बघितला जातो. जवळच्या मंडईचे काय होणार, चौकातल्या वीस दुकानांवर किती घरे चालतात, मालाचे ट्रक कुठल्या अरुंद रस्त्याने येणार, याबद्दल वस्तीला कोणी विचारत नाही. रस्त्यावर बसणाऱ्या फेरीवाल्यासाठी २०१४ चा कायदा झाला, त्यात नगर पथविक्रेता समिती आली. अंमलबजावणी रडतखडत का होईना, पण त्याचे म्हणणे ऐकण्याची जागा निर्माण झाली. भाड्याच्या गाळ्यात तीस वर्षे दुकान चालवणाऱ्याला तेवढीही नाही.

फ्रान्सने १९७३ मध्ये मंत्री ज्याँ रॉयर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने दीड हजार चौरस मीटरहून मोठ्या दुकानाला स्थानिक समितीची परवानगी सक्तीची केली. छोट्या गावांत ही मर्यादा एक हजार होती. त्याच वर्षी जपाननेही मोठ्या दुकानांसाठी कायदा केला. या कायद्यांचे अनुभव सगळे गोड नाहीत. फ्रान्समध्ये आधीच उभ्या असलेल्या मोठ्या दुकानांना त्याने उलट संरक्षण मिळाले आणि परवान्यांच्या मागे राजकीय देणग्यांचा बाजार मांडला गेला. जपानने अमेरिकेच्या दबावाखाली आपला कायदा सैल केला आणि २००० साली बदलला. पण तिथेही नव्या कायद्यात रहदारी, आवाज आणि परिसर यांचा विचार सक्तीचा राहिला. महाराष्ट्राने परवाना राज परत आणू नये. मात्र ठरावीक आकाराहून मोठ्या दुकानासाठी जाहीर सुनावणी आणि परिसरावरील परिणामांचा अहवाल मागायला परवाना राज लागत नाही.

हे सारे लिहिताना किराणा दुकानदाराला चार खडे बोल सुनावणेही कर्तव्य आहे. मुदत संपलेले बिस्किटाचे पुडे पुढे सरकवणे, सुट्या डाळीवर वजनात हात मारणे, बिल मागितले की कपाळाला आठ्या, सुट्या पैशांऐवजी चॉकलेट: याला कंटाळून अनेक ग्राहक मार्टकडे वळले. तिथे बाईला कोणाची वाट न पाहता, कोणाच्या नजरेखाली न येता माल हातात घेऊन भाव वाचता येतो, हे स्वातंत्र्य थोडे नाही. दुसरीकडे, पगार लांबला की 'वहीत लिहून ठेवा' एवढ्या एका वाक्यावर महिन्याचा शिधा देणारा वाणीच आहे. पन्नास ग्रॅम साबुदाणा, पाच रुपयांची मोहरी तोच कागदात बांधून देतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा इमारतीच्या फाटकापर्यंत दूध-पीठ कोणी पोहोचवले, हे शहरांनी इतक्या लवकर विसरू नये.

शिवाय साखळ्या कायमच्या असतात, हा समजही खोटा आहे. चेन्नईच्या सुभिक्षाची देशभरात सोळाशेच्या आसपास दुकाने होती. २००९ मध्ये ती काही महिन्यांत बंद पडली. २००१ पासून घराघरांत नाव झालेले बिग बझार २०२२ मध्ये संपले.

आता तर मार्टलाही रांगेची गरज उरलेली नाही. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या कंपन्यांची 'डार्क स्टोअर्स' रहिवासी इमारतींच्या तळमजल्यावर उभी राहत आहेत. त्यांना दुकान म्हणायचे की गोदाम, हे नियमांत स्पष्ट नाही. २०२४ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने त्यांच्या दरांबद्दल स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय वाणिज्यमंत्री आणि उत्तर मुंबईचे खासदार पीयूष गोयल यांनीही ई-कॉमर्समधल्या तोट्यात विकण्याच्या धोरणावर जाहीर टीका केली. मंत्र्यांना प्रश्न कळला आहे, याचा तो पुरावा आहे. कृतीची वाट दुकानदार अजून पाहतो आहे.

सहकाराच्या या राज्यात दुकानदारांनी स्वतः करण्यासारखे एक काम मात्र कुणाच्याही परवानगीविना होऊ शकते. नायगावच्या गिरणी कामगारांनी १९४८ मध्ये ज्या संस्थेचा पाया घातला, तिचाच पुढे अपना बाजार झाला. वारणानगरात सहकारी बाजार उभा राहिला. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून एकत्र खरेदी करून हजारो घरांत महिन्याचा माल पोहोचवला. हे सगळे ग्राहकांनी केले. दुकानदारांनी तसे मोठ्या प्रमाणावर कधी केले नाही. जर्मनीत १८९८ मध्ये बर्लिनच्या छोट्या वाण्यांनी एकत्र खरेदीसाठी संघ काढला. त्याच संघातून एडेका उभी राहिली. आज ती जर्मनीतली सर्वांत मोठी किराणा साखळी आहे आणि तिची हजारो दुकाने अजूनही स्वतंत्र मालकांची आहेत. पुण्याच्या मार्केट यार्डात किंवा वाशीच्या भुसार बाजारात तालुकावार शंभर दुकानांनी मिळून तेल, साखर आणि साबणाची मागणी नोंदवली, तर कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याला त्यांच्या दारात यावे लागेल. व्यापारी संघटनांनी बंदच्या घोषणांइतका जोर या कामात लावावा.

राज्य सरकारच्या हातातले काम त्याहून सोपे आहे. कंपन्यांच्या भावातील भेदभावाबाबत स्पर्धा कायद्यात 'स्थानिक बाजार' हा निकष यावा, असा ठराव विधिमंडळाने करून केंद्राकडे पाठवावा. आणि मोठी दुकाने व डार्क स्टोअर्स यांच्यासाठी जाहीर सुनावणीची अट विकास नियंत्रण नियमावलीत घालावी. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ मध्ये हरकती-सूचना मागवून असा फेरबदल करण्याची तरतूद आहे. नगरविकास खात्याने ती सूचना काढावी आणि हरकती मागवताना पहिली प्रत चौकातल्या किराणा दुकानाच्या दारावर लावावी.